भिंतीवरचा सेंटर

राजेश्वरी गुंजाळ एकतीस वर्षं बास्केटबॉलचे गुण लिहायच्या टेबलावर बसल्या. चेंडूला हात लावला तो फक्त कागदावर येऊन पडला म्हणून ढकलायला. तरीही कोपरगावजवळच्या कारखाना कॉलनीतल्या क्लबला पन्नास वर्षं झाली आणि आजवरचे सर्वांत थोर पाच खेळाडू निवडायचं ठरलं, तेव्हा अध्यक्ष सुनील आधी त्यांच्याच दारात आला. यायलाच हवं होतं. बाकीच्यांकडे आठवणी होत्या, बाईंकडे कागद होते.

निमित्त मोबाईलचं. क्लबच्या ग्रुपवर पोरं महिनाभर अमेरिकेतल्या खेळाडूंवरून भांडत होती. गार्ड हाच थोर, सेंटर तोच थोर, तुला काय कळतं, तुझ्या बापाला काय कळतं. शेवटी सुनीलनं लिहिलं, अमेरिकेचं अमेरिका बघून घेईल, आपण आपले निवडू. मैदानाची दुरुस्ती चाललीच होती. उत्तरेच्या भिंतीवर पाच आकृत्या रंगवायच्या, प्रत्येक जागेचा एकेक खेळाडू, खाली नाव. दसऱ्याला उद्घाटन.

"मॅडम, निवड समितीच्या अध्यक्ष तुम्ही," सुनील म्हणाला. तो त्यांच्याकडे गणित शिकलेला. पन्नाशी उलटली, खतांचं दुकान झालं, तरी बाईंसमोर उभा राहिला की हात आपोआप पाठीमागे जातात.

"आणखी कोण समितीत?"

"मी आणि गोरक्षनाथराव."

"गोरक्षनाथ? तो तर यादीतच येणार. स्वतःलाच निवडणार का?"

"ते म्हणाले, मी तटस्थ राहीन."

"कधी पंचाशी तरी तटस्थ राहिला होता का तो? बरं, असू दे. माझी एकच अट. जागेप्रमाणे निवड म्हणजे जागेप्रमाणे. ज्या जागेवर माणूस खेळला तिथंच त्याचा विचार. इकडचा उचलून तिकडं सरकवायचा नाही."

सुनीलनं मान डोलावली. कबूल करताना माणसाला काही जड जात नाही.

बाई टेबलावर आल्या त्याचीही गोष्ट आहे. नगरला बी.एस्सी. झालेली ही मुलगी शहात्तर साली कारखान्यातल्या फिटरशी, राम गुंजाळशी, लग्न करून कॉलनीत आली. राम सहा फूट दोन इंच, क्लबचा सेंटर, म्हणजे रिंगेखालचा उंच गडी, आणि त्या मैदानाचे खांबही त्यानंच उभे केलेले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तो तिला सामना बघायला घेऊन गेला. ती गुण लिहिणाऱ्या कारकुनाच्या मागे बसली आणि थोड्याच वेळात म्हणाली, "एकोणतीस झाले, तीस नाही." मग पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. चौथ्या खेपेला कारकुनानं पेन पुढं केलं, "मग तुम्हीच लिहा ना, बाई!" त्याला वाटलं, लाजेल. राजेश्वरीनं खुर्ची ओढली आणि एकतीस वर्षं सोडली नाही.

त्या टेबलावर नवरा नावाची वस्तू नसते, हे गावाला कळायलाही फार दिवस लागले नाहीत. श्रीरामपूरच्या संघाशी सामना होता, चार मिनिटं राहिलेली. रामनं एकाला कोपर मारलं. पंचांना वाटलं हा चौथा फाऊल. टेबलावरून राजेश्वरीनं पाच बोटं वर केली. पाचवा, म्हणजे बाहेर. राम बाहेर गेला आणि क्लब दोन गुणांनी हरला. घरी दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "पाचवाच होता. आमटी वाढ."

असा माणूस. त्याच्यावर राग धरणं अवघड होतं.

समितीची बैठक बाईंच्या ओसरीवर झाली. गार्डच्या जागी आसिफ तांबोळीचं नाव आलं, पाच फूट चार इंच उंची आणि चोरासारखे हात. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या गार्डच्या, म्हणजे लांबून नेम मारणाऱ्याच्या जागी बाईंनी रुपाली औताडेचं नाव घेतलं आणि सुनील खुर्चीत सरकला.

"मॅडम, मुलींचा संघ वेगळा होता. त्यांच्यासाठी आपण वेगळी भिंत करू की."

"कुठंय ती भिंत? दाखव."

"म्हणजे पुढं मागं..."

"रुपालीचे लांबचे नेम दहांत चार जायचे. मुलांमध्ये दहांत चार ज्याचे गेले त्याचं नाव सांग, लगेच लिहिते."

सुनीलनं गोरक्षनाथकडे बघितलं. गोरक्षनाथनं छताकडे बघितलं. रुपाली लिहिली गेली.

पुढचा फॉरवर्ड गोरक्षनाथ स्वतः. तटस्थ राहिलेल्या माणसानं हात सर्वांत आधी वर केला. दुसरा फॉरवर्ड कारभारी वाकचौरे. बिचारा तीन वर्षांपूर्वी गेला, पण खेळायचा तेव्हा त्याच्या अंगावर जाणारा दात मोजत परतायचा. मग सेंटर आला.

"इथं काय बोलायचं?" सुनील म्हणाला. "रामकाका. चहा मागवू?"

बाईंनी मान डोलावली. खोटं कशाला सांगा, बरं वाटलं त्यांना. राम जाऊन सहा वर्षं झाली होती. भिंतीवर तो उभा राहणार, येणारी जाणारी पोरं नाव वाचणार, हे ऐकून त्यांचा चहा त्या दिवशी जरा गोड झाला. मुलगी दिशा नगरला केडगावात राहते. तिला फोन केला तर तिनं बाबांचा फोटो मोठा करायला टाकूनही दिला.

आणि रामनं ते कमावलंच होतं, असं सगळा तालुका सांगेल. उडी मारून, हात रिंगेच्या वर नेऊन, चेंडू वरून रिंगेत कोंबणारा तालुक्यातला तो एकमेव माणूस. पूर्वेकडच्या रिंगेखाली त्याच्या हातात चेंडू आला की अख्खी कॉलनी ओरडायची, "कोंब, राम, कोंब!" ऊस घेऊन आलेले ट्रॅक्टरवालेसुद्धा गाड्या लावून बघायला थांबायचे. पाहुण्यांचे नेम मात्र त्या रिंगेवर नेहमी लांब जायचे. लोक म्हणायचे, गोदावरीकाठचं वारं आहे, बाहेरच्याला नाही झेपत.

चौथ्या दिवशी सुनीलचा फोन आला. "मॅडम, जरा मैदानावर येता?"

पूर्वेचा जुना खांब काढायला तळाशी फरशी फोडली होती. शेजारी रंगारी नियाज हातात टेप घेऊन उभा होता. नव्या खांबाचं माप जुन्याशी जुळेना म्हणून मिस्त्रीनं त्यालाच वर चढवलं होतं.

"टीचर, पश्चिमेची रिंग बरोब्बर दहा फूट," नियाज म्हणाला. "ही नऊ फूट सात इंच. मी तीनदा मोजली."

बाईंनी टेप त्याच्या हातातून घेतली. चौथ्यांदा मोजायला लावलं. नऊ फूट सात इंच.

मग त्या खड्ड्याशी वाकल्या. खांबाच्या लोखंडावर, काँक्रीटच्या खाली, छिन्नीच्या तीन बारीक रेघा होत्या. घरातल्या प्रत्येक नळाच्या जोडावर, पलंगाच्या पायावर, रामच्या अशाच तीन रेघा होत्या. माप घेतलं की खूण करायची, ही त्याची सवय. ही खूण जमिनीची होती. तिथून रिंग दहा फूट. त्या साली सिमेंट परमिटवर मिळायचं. खांब आधी उभा राहिला आणि फरशी पडली ती सिमेंट आल्यावर, काही महिन्यांनी. फरशीनं पाच इंच खाल्ले. पश्चिमेचा खांब फरशीनंतरचा, म्हणून तो चोख.

म्हणजे रामनं मोजताना चूक केली नव्हती. पण दर हंगामाच्या आधी पूर्वेची रिंग रंगवायला तोच चढायचा, दुसऱ्या कुणाला शिडी लावू द्यायचा नाही. तेव्हा सगळे कौतुकानं म्हणायचे, बघा, किती जीव आहे मैदानावर.

"नवा बोर्ड लागला की विषय संपला," सुनील हळूच म्हणाला. "कुणाला सांगायचं काही कारण नाही. नियाजही बोलणार नाही. काय रे?"

नियाज भिंतीकडे बघत होता. भिंतीवर त्यानं सेंटरची आकृती आधीच काढली होती. हवेत उडालेला माणूस, हात रिंगेच्या वर.

बाई घरी आल्या. दुपारचं जेवण केलं, भांडी घासली आणि पलंगाखालची पेटी ओढली. स्कोअरशीटवर नुसते गुण आणि फाऊल लिहितात. पण बाईंनी पहिल्या हंगामापासून समासात आपली वेगळी नोंद ठेवलेली: कुणी रिबाउंड, म्हणजे रिंगेवरून हुकून परत आलेले चेंडू, किती घेतले, कुणी किती कोंबले, आणि कोणत्या हाफमध्ये कोणता संघ कोणत्या रिंगेवर. मावळतीचं ऊन पश्चिमेकडे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जायचं. बाईंना वाटायचं, ज्याचा तोटा त्याचा लिहून ठेवावा. म्हणून 'पू' आणि 'प'. पेन्सिलीनं, बारीक.

तीन दुपारी त्या बेरजा करत बसल्या. घरच्या मैदानावर पूर्वेच्या रिंगेवर खेळलेल्या हाफमध्ये राम सरासरी तेरा गुण काढायचा. पश्चिमेच्या रिंगेवर सहा. बाहेरगावी सबंध सामन्यात अकरा. बाहेरगावी कोंबलेला चेंडू? एकही नाही. कित्येक वर्षांत एकही नाही, आणि हे त्यांनी स्वतः लिहिलेल्या कागदावर स्वतः कधी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी कानिफनाथचे कागद काढले. कानिफनाथ म्हणजे रामचा बदली सेंटर. अकरा वर्षं बाकावर, राम दमला की आत. त्र्याऐंशी साली रामचा गुडघा गेला तेव्हा मात्र सबंध हंगाम तो एकटा खेळला. घरी, नाशिकला, पुण्याला, कुठंही बघा: सामन्याला तेरा-चौदा गुण, दोन्ही रिंगांवर निम्मे निम्मे, आणि बारा-तेरा रिबाउंड. रामचे रिबाउंड कधी नऊच्या वर गेले नव्हते. त्याच वर्षी, आणि फक्त त्याच वर्षी, क्लब विभागाच्या अंतिम सामन्यात पोचला होता.

बाईंनी पेन्सिल ठेवली, चपला घातल्या आणि कानिफनाथकडे गेल्या.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं कॉलनीच्या टोकाला पिठाची गिरणी टाकली आहे. बाजरीचं दळण चाललं होतं. भुवयांपर्यंत पांढरा झालेला तो उंच माणूस त्यांना बघून पुढं आला.

"या वहिनी! दळन आनलं?"

"दळण नाही. पूर्वेची रिंग पाच इंच खाली होती. तुम्हांला माहीत होतं, भाऊजी?"

कानिफनाथनं मागे जाऊन बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"व्हय."

"कधीपासून?"

"पयल्या म्हैन्यापासून. डोळ्याला न्हाई कळत, हाताला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? रामदादानंच मला खेळ शिकवला. आन लोकांना त्ये कोंबनं बघायचं हुतं. मी काय करायचो? पाठ लावून, पाय रोवून हुबा ऱ्हायचो. त्ये बघाया कोन तिकीट काडनार?"

"आपल्याकडं तिकीट नव्हतंच."

"त्येच म्हनतो. फुकट बी कोन आलं नसतं."

बाईंना हसू आलं, पण त्या त्यासाठी आल्या नव्हत्या. "रामला माहीत होतं?"

त्यानं हातावरचं पीठ झटकलं. बराच वेळ झटकलं. "त्ये मला नका इचारू. शिडी कोन लावायचं, त्ये तुमी बी बघितलंय." मग एकदम त्यांच्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, माजं नाव घालायला निघाला असाल तर नको. रामदादाचं ऱ्हाऊ द्या. मला काय करायचंय भिंतीवर जाऊन?"

"तुमचं मत मी विचारलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "तुमची उंची किती? कागदावर लिहिलेली नाही."

"सहा फूट एक."

"बरं. उद्या ज्वारी पाठवते."

संध्याकाळी त्यांनी दिशाला फोन लावला. दिशा स्वतः क्लबच्या मुलींच्या संघात खेळलेली, तिला रिंग समजावून सांगावी लागली नाही. बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. असल्या गोष्टी घास घास भरवण्यात त्यांना अर्थ वाटत नाही.

"आई," दिशा म्हणाली, "बाबांनी मला पूर्वेच्या रिंगेवर कधी नेम मारू दिले नाहीत. लहानपणापासून. मी तिकडं गेले की ओरडायचे, 'इकडं ये, तिथं हात बिघडतो.' मला वाटायचं, उन्हाचं काहीतरी असेल."

ऊन पश्चिमेच्या रिंगेवर त्रास द्यायचं, पूर्वेच्या नाही. दोघींनाही ते माहीत होतं.

"म्हणजे माहीत होतं त्याला," बाई म्हणाल्या.

"पण मला तर खरी रिंग दिली ना त्यांनी? मग असू दे की, आई. त्यांचं नाव काढू नकोस."

"पोरीला खरी रिंग दिली म्हणूनच. कोणती खरी ते त्याला ठाऊक होतं. मलाही आता ठाऊक आहे. मी काय करू, विसरू?"

"तू घरातसुद्धा टेबलावरच बसलेली असतेस. मी दसऱ्याला येणार नाही."

फोन ठेवला गेला. बाईंनी कुकर लावला. शिट्ट्या किती झाल्या ते मात्र त्या दिवशी त्यांनी मोजलं नाही; भात गिचका झाला आणि तसाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी समिती पुन्हा ओसरीवर. बाईंनी कागद मांडले. सुनीलनं ते वाचले, पुन्हा वाचले आणि गणितात नापास होणाऱ्या मुलाचा चेहरा केला.

"मॅडम, एक मार्ग आहे. कानिफनाथरावांना सेंटर करू. रामकाकांना फॉरवर्डच्या जागी घेऊ."

"तिथं कारभारी आहे."

"कारभारी आता कुठं बघायला येणार आहे?"

"राम तरी कुठं येणार आहे?"

सुनीलनं कागद पुन्हा चाळले. मग म्हणाला, "मग रामकाकांचा संस्थापक म्हणून वेगळा फलक?"

"तो क्लबनं ठरवावा. समितीचं काम पाच जागांचं. राम फॉरवर्ड म्हणून एक सामना खेळलेला नाही. अट पहिल्याच दिवशी सांगितली होती, तू मान डोलावली होतीस."

"लोक काय म्हणतील, मॅडम?"

"म्हातारी खडूस आहे म्हणतील. पन्नास वर्षं म्हणताहेत, मी मेले नाही त्यानं. मत टाका. माझं मत कानिफनाथ."

सुनीलनं मान खाली घातली. "माझ्यानं नाही होणार. माझं रामकाकांना."

आता गोरक्षनाथ. तो एवढा वेळ रामचा शेवटचा कागद हातात धरून बसला होता. राम त्याचा जिगरी दोस्त. लग्नात रामच्या घोड्यापुढं नाचलेला हा माणूस.

"बाई," तो म्हणाला, "एक सांगतो. मी पळणारा. समोरच्याचा नेम चुकायच्या आधीच मी पुढं सुटायचो. पण राम सेंटरला असला की मला मागं वळून बघावं लागायचं, चेंडू मिळाला का म्हणून. कानिफनाथ असला की मी वळून बघितलं नाही. कधीच नाही." त्यानं कागद खाली ठेवला. "लिहा कानिफनाथ. राम मला वर गेल्यावर शिव्या देईल, बघून घेईन मी."

बाईंनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. फक्त 'कानिफनाथ'च्या वरची रेघ त्यांनी दोनदा ओढली, बहुधा पेन नीट उमटलं नाही म्हणून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्या मैदानावर गेल्या. पूर्वेला नवा खांब उभा होता. नियाज भिंतीशी डबे उघडत होता.

"नाव बदललं, टीचर. सुनीलभाईंनी सांगितलं. आकृती राहू द्यायची ना? चांगली आलीय."

भिंतीवरचा सेंटर अजून हवेत होता.

"हा कानिफनाथ नाही. ह्याचे पाय जमिनीवर आण."

"पाय जमिनीवर आणून करतो काय हा?"

"रिबाउंड घेतो. मागच्याला पाठीनं अडवून ठेवतो."

"कसं? मी बास्केटबॉल खेळलो नाही, टीचर."

"मीसुद्धा नाही," असं म्हणून बाईंनी पर्स भिंतीशी ठेवली, पदर खोचला आणि मैदानात उभ्या राहिल्या. गुडघे वाकवले. ते कुरकुरले, पण वाकले. पाय फाकवले, पाठ मागे रेटली, दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि नजर वर, नव्या रिंगेकडे. एकतीस वर्षं खुर्चीतून बघितलेलं अंगात होतं म्हणायचं. नियाजनं घाईघाईनं कोळसा उचलला.

"हलू नका, टीचर!"

"मी हलत नाही. तू काढ लवकर, बहात्तर वर्षांचे गुडघे आहेत."

पदराच्या गाठीत खोचलेला मोबाईल वाजला. त्याच स्थितीत एक हात खाली घेऊन त्यांनी वाचलं. दिशाचा निरोप होता: 'उद्या सकाळी निघतेय. बाबांचा फोटो घरातच लावू. जागा बघून ठेव.' बाईंनी मोबाईल परत खोचला, नाक ओढलं आणि हात पुन्हा वर नेला.

"वहिनी," मागून आवाज आला. कानिफनाथ होता, ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन तो कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. तो भिंतीकडे बघत नव्हता. बाईंकडेच बघत होता, कपाळाला आठी घालून.

"काय?"

"कोपरं लई वर गेली. पंच फाऊल देईल." त्यानं डबा खाली ठेवला. "आन बूड अजून खाली."

"मग उभे काय राहिलात?" बाई कडाडल्या. "या इकडं, दाखवा त्याला!"